मास्तर, जाताना ओढ्यानं जा

त्या माणसाबद्दल काहीतरी लिही, असं मला वर्षभरात बऱ्याच जणांनी सांगितलं. सगळ्यांची अपेक्षा अशी, की मी डोळ्यांत पाणी आणणारं छानसं काहीतरी लिहीन. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. त्यांची आठवण आली की मला आधी राग येतो, मग हसू येतं आणि मग हसू आल्याचा राग येतो.

सगळं निलंगा त्यांना मास्तर म्हणायचं. शाळेतले मास्तर नव्हेत. ते एसटीत कंडक्टर होते, आणि आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाकी शर्ट सोडला, पण तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काही सोडला नाही. तिकिटाची मशीन आली तेव्हाच तो निकामी झाला होता. तरी तो कायम त्यांच्या खिशात असायचा आणि बोलता बोलता ते तो कशावरही आपटायचे. विजेच्या खांबावर, दुकानदाराच्या काट्यावर, समोरच्याच्या जेवणाच्या डब्यावर. टक टक झालं की बाजारातली माणसं सवयीने बाजूला सरकायची. दुसरं म्हणजे ते बसायचे नाहीत. नोकरी उभ्याने झाली, आता राहिलेलं आयुष्यही उभ्यानेच काढायचं असं त्यांच्या डोक्याने घेतलं होतं. लग्नाकार्यात उभ्याने जेवायचे, एक पाय पुढे, एक मागे, आता ब्रेक लागेल अशा बेताने. आमच्याकडे आले की आई खुर्ची पुढे करायची आणि ते खुर्चीची पाठ धरून तिच्या मागे उभे राहायचे. आईला 'वैनी' म्हणणारा त्यांच्या समाजातला तो गावातला एकटाच माणूस.

रस्ता अडवलेला त्यांना खपायचा नाही. चहावाल्याने रस्त्यावर बाकडं टाकलं तर ते बाकड्यावर चढून, बसलेल्या माणसांच्या मधून चालत पलीकडे उतरायचे. एकदा कुणा पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नाचा मांडव भर रस्त्यात घातला होता. मास्तर हातात भाजीची पिशवी घेऊन सरळ मांडवात शिरले. आत पंगत बसलेली. दोन पानांच्या मधून पाय टाकत, "साईड, साईड, मागच्याला जागा द्या," म्हणत निघाले. वाढप्यांनी धरलं. यजमान धावत आला.

"मास्तर, जरा वळसा घालून गेलं असतं तर काय झालं असतं?"

"मी कामून वळसा घालू? रस्ता तुमच्या बापाच्या अगोदरपासून हितं हाय. मांडव आज सकाळी आलाय."

शेवटी त्यांना ढकलत बाहेर काढलं. पण कोणत्या बाजूने काढायचं यावरूनही ते भांडले, आणि त्यांना जायचं होतं त्याच बाजूने बाहेर पडले. भाजीची पिशवी शाबूत होती.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "रस्ता न्हाई असं कुठंच नसतंय. न्हाई मननारा मानूस असतोय." हे वाक्य वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. मी तर ठेवलंच आहे.

आता येळवशीबद्दल, म्हणजे वेळ अमावास्येबद्दल. लातूरकडच्या माणसाला ती सांगावी लागत नाही, पण मी नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे आणि तिथे सांगावी लागते. दर हिवाळ्यात त्या अमावास्येला मी रजा मागते आणि दरवर्षी मोठ्या सिस्टर विचारतात, "अमावास्येला कसला गं सण?" मग मी दरवर्षी भांडते. त्या दिवशी आमच्याकडे गावंच्या गावं शेतात जातात. दुकानं बंद, हॉटेलं बंद, चौकात कुत्रं दिसत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारतात, आत पाच पांडव म्हणून दगड मांडून पूजा करतात आणि घरून डोक्यावर वाहून आणलेलं जेवण मांडी घालून जेवतात. भज्जी, म्हणजे त्या दिवसांत शिवारात हिरवं म्हणून जे जे असतं ते सगळं चिंचेच्या पाण्यात एकत्र शिजवलेलं. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, मडक्यातलं आंबील. आणि बांधाने जो कोणी जात असेल, ओळखीचा असो की परका, त्याला हाक मारायची, "या जेवायला." हाक मारली नाही तर आपली इज्जत जाते आणि हाक ऐकून थांबलं नाही तर त्याची. त्या दिवशी कुणाच्याही शेतातून कुणीही जावं. अडवायचं नसतं.

आम्ही बौद्ध. आमच्या कोपीत पांडव नसतात, पूजा नसते. आई कोपीच्या शेंड्याला निळं कापड बांधते आणि म्हणते, "जिनं वर्सभर खाऊ घातलं तिच्याजवळ बसून एक दिवस खायचं." एवढाच आमचा विधी. भज्जी मात्र आईसारखी शिवारात कुणाची होत नाही. हे मी लेक म्हणून सांगत नाही, खाणारी म्हणून सांगते.

मास्तरांची येळवशीची फेरी सुरू झाली ती एका उपाशी माणसामुळे. बाहेरगावाहून बदलून आलेला पोस्टातला कुणी बाबा येळवशीच्या दुपारी बंद स्टँडवर बिस्किटं खात बसलेला त्यांना दिसला. "येळवशीला मानूस बिस्कुट खातो मंजे आपल्या तालुक्याच्या तोंडाला काळं," म्हणत त्यांनी त्याला उठवलं आणि शिवारात नेलं. पुढच्या वर्षी बँकेतले, कोर्टातले, दवाखान्यातले, ज्यांना इथे शेत नाही असे सगळे त्यांनी घरोघर फिरून गोळा केले. त्या घोळक्याला ते गाडी म्हणायचे. कोपींना स्टॉप म्हणायचे. चिमटा ताटलीवर आपटला की गाडी थांबायची, दोनदा आपटला की निघायची. नियम कडक. बांधावरूनच चालायचं. जी कोप पहिली हाक मारील तिथे बसायचं, मग ती कुणाचीही असो. पिकात पाय घातला तर उतरवीन. खरंच उतरवायचे. लातूरहून कॅमेरा गळ्यात घालून आलेल्या एकाला त्यांनी करडईत शिरला म्हणून शिवाराच्या मधोमध 'उतरवला' आणि गाडी पुढे नेली. तो बिचारा लांबून मागे मागे येत राहिला.

फेरीचा शेवटचा स्टॉप आमची कोप.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. गाडी आली, आईने हाक मारली, सगळे पटापट बसले. गॉगल घातलेला एक साहेब मात्र निळ्या कापडाकडे बघत बांधावरच उभा. पोटावर हात फिरवत म्हणाला, "आमचं मागच्या कोपीत झालंय. आता पाणीसुद्धा नको."

मास्तरांनी भज्जीचा घास तसाच हातात धरला. "मागं काय खाल्लं? मी बगून राहिलोय. मागं तुमी निस्ता फोटो काडला."

"नाही हो, खरंच पोट..."

"उतरा."

"कुठून उतरू?"

"गाडीतून. हितून पुढं ही गाडी तुमच्यासाठी न्हाई."

साहेब तणतणत एकटा परत गेला. आईला ते आवडलं नाही. "उपाशी घालवलं की मानसाला," ती म्हणाली.

"वैनी, त्याचं पोट भरलेलं नव्हतं. डोस्कं भरलेलं होतं. तुमी वाढा मला."

त्या दिवशी मला वाटलं, या गावात एक तरी माणूस आपला आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढचं जे लागलं ते यामुळेच जास्त लागलं.

आमच्या शेताला रस्ता नव्हता. म्हणजे होता. माझ्या आजोबांनी मजुरी करून, पोटाला चिमटा घेऊन ओढ्याच्या वळणावर ती जमीन घेतली तेव्हा निलंग्याशेजारच्या आमच्या गावापासून तिथपर्यंत गाडीवाट होती. ती मास्तरांच्या भावकीच्या मळ्याच्या कडेने यायची. मास्तरांनी निलंग्यात घर बांधलं तेव्हा मळ्यातला आपला वाटा थोरल्या भावाला देऊन टाकला. या थोरल्या भावाला सगळं गाव आण्णा म्हणतं. आण्णांच्या हातात सगळा मळा आला आणि दरवर्षी त्यांचा नांगर वाटेत थोडा थोडा सरकत गेला. आधी गाडी जाईना, मग बैल जाईना, मग एका साली वाटेवर हरभरा उगवला आणि वाट संपली. आम्ही ओढ्यातून जायला लागलो. खाली बंधारा झाल्यापासून ओढ्याला हिवाळ्यातसुद्धा गुडघाभर पाणी. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. बी-बियाणं डोक्यावर, खत डोक्यावर, माल डोक्यावर. ट्रॅक्टर यायचा प्रश्नच नव्हता. वडील आण्णांकडे गेले की आण्णा चहा पाजायचे आणि म्हणायचे, "अरे, तुजा रस्ता वड्याच्या कडंनं हाय. हितून कवाच नव्हता."

आणि तरी मास्तर दर येळवशीला आपली गाडी बरोबर त्या हरभऱ्यातून आणायचे. पिकात पाय घातला तर उतरवणारा माणूस तिथे आला की चिमटा वाजवायचा आणि मोठ्याने सांगायचा, "हितं पाय ठेवा. बिनघोर ठेवा. हे पीक न्हाई, हा रस्ता हाय. रस्त्यावर कुनी हरभरा पेरला तर तो येनाऱ्या-जानाऱ्याचा हरभरा." लोक हसत हसत घाटे तोडत यायचे. आण्णांची पोरं आपल्या कोपीजवळ उभी राहून बघायची. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांनी काठ्या काढल्या असत्या. येळवशीला त्यांना हात जोडून "या काका, या जेवायला" म्हणावं लागायचं. म्हणताना त्यांचे जबडे आवळले जायचे ते मी लांबून बघायची. मला वाटायचं, बघा, हा म्हातारा सगळ्यांना पुरून उरेल.

मग वडिलांनी तहसीलला अर्ज केला. गावच्या नकाशात वाटेची तुटक रेघ होती, पण ती मळ्याच्या कोणत्या अंगाने जाते यावर आण्णांनी वाद घातला. तेव्हा तहसीलदार साहेब म्हणाले, जागेवर येऊन बघतो, जुन्या जाणत्या माणसाला विचारतो. जुना जाणता कोण? गावातली दोन-चार म्हातारी माणसं आण्णांचं नाव निघताच आजारी पडली. राहिले मास्तर. वडील निश्चिंत झाले. मी खास रजा काढून आले, मला तो दिवस बघायचा होता.

ऐन उन्हाळा. शिवार उघडं पडलेलं. साहेब, तलाठी, आण्णा, त्यांची पोरं, वडील, मी. मास्तर बांधावर उभे. साहेबांनी सरळ विचारलं, "तुम्ही इथलेच. लहानपणापासून बघताय. या बाजूने गाडीवाट होती का?"

मास्तर आपल्या बुटांकडे बघत राहिले. हात खिशात होता. चिमटा वाजला नाही.

"माज्या काय ध्यानात न्हाई, साहेब," ते म्हणाले. "लई वर्सं झाली."

मला वाटलं त्यांना उन्हाने चक्कर आली असेल. मी म्हटलं, "मास्तर, दर येळवशीला कसं ध्यानात येतं तुमच्या? लोकांना ओरडून सांगता की इथे रस्ता आहे म्हणून."

"मॅडम, तुम्ही मधे बोलू नका," साहेब म्हणाले.

वडील मधे बोलले, त्यांनाही गप्प केलं. अर्जदार स्वतःच सांगतो त्याचं काय धरायचं, असं तलाठी म्हणाले. आण्णांनी सगळ्यांना ताक पाजलं. मास्तर न पिता निघून गेले, तेही ओढ्याने नाही, वाटेने नाही, आण्णांच्या मोटरसायकलवर मागे बसून. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

निकाल आला. रस्ता असल्याचा पुरावा दिसून आला नाही.

त्या साली सोयाबीन असं आलं होतं, की वडील बांधावर उभे राहून नुसते बघत राहायचे. काढून गंजी घातली, वर ताडपत्री टाकली. मळणीयंत्र ओढ्यापलीकडे येऊन थांबलं, कारण ओढा वाहत होता. दोन दिवसांत ओसरेल म्हणाले. पाऊस पुन्हा आला. ताडपत्री वाऱ्याने उचलली. ओढा ओसरला तेव्हा आम्ही गंजी उकलली, तर आतल्या शेंगांना हिरवे कोंब फुटले होते. वडील ताडपत्रीची घडी घालत बसले. ते कधीच कुणाला शिव्या देत नाहीत, त्याचाही मला राग येतो. आईने कोंब आलेली शेंग हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "हाव, मास्तरच्या ध्यानात न्हाई."

आणि त्यानंतरच्या येळवशीला मास्तर आले. गाडी घेऊन. त्या वर्षी गाडी फारच भरलेली होती. लातूरच्या टोपीवाल्या बाया, पुण्याहून आलेलं एक जोडपं, फोन डोक्यावर धरून शूटिंग करणारी पोरं. आले ते त्याच हरभऱ्यातून. चिमटा वाजत होता. "हे पीक न्हाई, हा रस्ता हाय," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. परक्यांना सांगायला याची जीभ चालते आणि साहेबांसमोर टाळ्याला चिकटते. मी कोपीतून बाहेर आले आणि आईला म्हटलं, "हाक मारू नकोस. मारलीस तर मी आत्ता नांदेडला जाईन."

"येळवस हाय," आई म्हणाली आणि बांधाकडे तोंड करून तिने हाक मारली, "या जेवायला."

सगळे बसले. आईने सगळ्यांना वाढलं, मागून मागून वाढलं. मास्तर कोपीला टेकून उभे. त्यांच्या हातात तिने भरलेली ताटली दिली, आंबिलाचा पेला दिला. ते खाईनात.

"खावा की," आई म्हणाली. "भज्जी तुमच्या आवडीची हाय."

"वैनी," मास्तर हळू म्हणाले, "तुमी मला शिव्या द्या. पर ऐकून घ्या. आण्णा मनले, साक्ष दिली तर येळवशीला आमच्या कोपीत पाय ठेवायचा न्हाई. मला शेत न्हाई, वैनी. मी माजा वाटा देऊन बसलोय. येळवशीला मानसाला आपलं मनून कुठं तरी जेवायला जावं लागतंय."

घोळका जेवायचा थांबला होता. आई वाढायचा पळा हातात घेऊन तशीच उभी.

"आन् हितं येता ते काय?" ती म्हणाली.

मास्तरांनी आंबिलाचा पेला खाली ठेवला.

"इतकी वर्सं माज्या हातचं खाऊन राहिले. ते जेवन नव्हतं का? ते काय होतं?"

मला त्या क्षणी जे कळलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्या गॉगलवाल्या साहेबाला गाडीतून उतरवणारा हा माणूस, आईला वैनी म्हणणारा, निळ्या कापडाखाली उंडे कुस्करून खाणारा. याच्या हिशेबात आमची कोप ही स्टॉप होती. गाव दुसरीकडेच होतं. आणि हे त्याला स्वतःलासुद्धा आईने विचारेपर्यंत माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. म्हणून त्याला माफ करायचं का? मी तरी करत नाही.

"खावा," आई पुन्हा म्हणाली. "आज कुनाला उपाशी पाठवत न्हाईत." त्यांनी खाल्लं. सगळं खाल्लं. हात धुतले आणि नेहमीसारखा ताटलीवर चिमटा दोनदा वाजवून ते हरभऱ्याकडे वळले. तेव्हा आई म्हणाली, "मास्तर, जाताना ओढ्यानं जा."

ते थांबले.

"हिकडून रस्ता न्हाई," आई म्हणाली. "तुमीच साहेबाला सांगितलं. कागदावर हाय."

पुण्याची बाई हसली, तिला गंमत वाटली असावी. मग तिने आईचं तोंड पाहिलं आणि गप्प झाली. मास्तर ओढ्याकडे निघाले. मागे सगळी गाडी. काठावर येऊन माणसांनी बूट-मोजे काढले, पँटी गुडघ्याच्या वर गुंडाळल्या, फोन उंच धरले. पाणी पौषासारखं गार. मधे शेवाळलेले दगड आहेत, ते आम्हाला पायाला पाठ आहेत, त्यांना नव्हते. एक बाई घसरून कंबरेपर्यंत भिजली. मास्तर बुटांसकट पाण्यात शिरले, कुणाला हात दिला नाही, मागे पाहिलं नाही. पलीकडे चढताना एका मुलाने मला ओरडून विचारलं, "ताई, तुम्ही रोज इथूनच जाता?"

"नाही," मी म्हटलं. "पावसाळ्यात पाणी जास्त असतं."

वडिलांनी प्रांतसाहेबांकडे अपील केलं होतं. त्याच्या तारखेला मास्तर न बोलावता आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. साहेबांच्या टेबलावर त्यांनी चिमटा आपटला, शिपाई धावला, साहेब चिडले. मास्तर म्हणाले, "मागं मी खोटं बोललो. रस्ता मळ्याच्या कडंनंच हाय. मी त्याच्यावरून बैलगाडी हाकलीय, ह्यांच्या आज्याच्या मांडीला मांडी लावून. लिवून घ्या आन् माजा अंगठा बी घ्या, सही बी घ्या."

हुकूम झाला. पोलीस आले, जेसीबी आला, आण्णांची पोरं आडवी पडली आणि उठली. वाट मोकळी झाली. पुढच्या येळवशीला मास्तर एकटेच आले, गाडी न घेता, नव्या वाटेने. बांधाशी येऊन उभे राहिले. हाक मारल्याशिवाय आत येता येत नाही. मी मारली नाही. आईने मारली. ते आत आले आणि कोपीसमोर, काळ्या मातीत, मांडी घालून बसले. चपला काढून ठेवल्या, गुडघे दुखत होते तरी बसले आणि भज्जी मागून घेतली. त्यानंतर जगले तेवढ्या येळवशी ते असेच आले.

हे ऐकून लोकांचा गळा दाटून येतो. माझा नाही येत. आजोबा त्या वाटेने गेले, वडील गेले, लग्न होऊन आई त्याच वाटेने शेतात आली. वडिलांनी ते तोंडाने सांगितलं, हात जोडून सांगितलं. त्याला कुणी सांगणं म्हणेना. या एका माणसाला ध्यानात नाही म्हटल्यावर वाट नव्हती, आणि त्याच्या ध्यानात आल्यावर वाट झाली. त्यांनी सत्य सांगितलं म्हणून मी आभार मानायचे? आमचं सत्य खरं ठरायला त्यांचं तोंड लागलं, याचा राग मी कुणावर काढू?

मास्तर गेले त्याला आता वर्ष होत आलं. आता वाटेच्या तोंडाशी ग्रामपंचायतीने फलक लावला आहे: मास्तर पाणंद. आजोबांचं नाव सुचवलं तर म्हणाले, त्यांना कोण ओळखतं.

फेरी चालूच आहे. यंदा निलंग्याच्या एका मुलाने ती आणली, सगळ्यांना सारखे टी-शर्ट. फलकाखाली उभा राहून तो सांगत होता, "सख्ख्या भावाच्या विरोधात जाऊन मास्तरांनी एका गरीब कुटुंबाला रस्ता मिळवून दिला." ते 'एक गरीब कुटुंब' म्हणजे मी, हातात पोळ्यांचं टोपलं घेऊन मागे उभी. माझ्या तोंडात जे आलं ते मी बोलणार होते. आई कोपीतून म्हणाली, "आदी जेवू घाल. मग भांड."

जेवू घातलं. पोटभर, मागून मागून. मग त्या मुलाने उठून हात धुतले, माझे आभार मानले आणि विचारलं, "ताई, आता परत याच रस्त्याने ना?"

"नाही," मी म्हटलं. "मास्तरांची फेरी ना ही? मग जाताना ओढ्यानं जायचं. त्यांनाही आम्ही तिकडूनच पाठवलं होतं."

त्याने आईकडे पाहिलं. आई भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही. तेव्हा सगळे काठावर जाऊन बुटांच्या नाड्या सोडायला बसले, आणि मी त्यांना दगड कुठे कुठे आहेत ते दाखवायला पाण्यात उतरले.